वातीची परीक्षा

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाच्या कानाला काही खोडी जन्मभर चिकटतात. गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर गावी आला होता. तो फराळाच्या निमित्ताने आमच्या घरी डोकावला. "सध्या काय करतोस?" असे विचारताच तो म्हणाला, "सर, स्फोटक साहित्याची तपासणी करतो." पोरगा कोठल्या तरी नियतकालिकाच्या संपादक-मंडळात शिरला असावा, असे वाटून आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, "कविता की कथा?" तो आधी गोंधळला आणि मग पोट धरून हसला. "जिलेटीन, सर! खाणीत, दगडाच्या क्वारीत, विहिरीत लावतात ते."

हा मुलगा आमच्या सरकारी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला, पुढे बेळगावात रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाला आणि पोटामागे नागपूरला गेला. नागपूर जिल्ह्यात स्फोटकांचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाच्या प्रयोगशाळेत तो असतो. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे मुख्य ठाणेही नागपुरातच आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १८९८ साली निर्माण झालेले हे खाते आज पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना या लांबलचक नावाने ओळखले जाते, आणि शहराबाहेर गोंडखैरीला त्याचे चाचणी केंद्र आहे. संत्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन यांखेरीज नागपूरची ही तिसरी ओळख आम्हांला ठाऊक नव्हती.

आम्ही त्याला त्याच्या कामाविषयी खोदून खोदून विचारले. मास्तरकीत तीस वर्षे घालवल्यावर परीक्षा हा शब्द कोठेही ऐकू आला की आमचे कान टवकारतात. तो सांगत होता ती परीक्षा मात्र आमच्या परीक्षेच्या अगदी उलट होती. पोलादाच्या दोन गुळगुळीत तोंडांमध्ये चिमटीतही येणार नाही एवढे, म्हणजे काही मिलिग्रॅम स्फोटक ठेवायचे आणि ठराविक उंचीवरून दोन किंवा पाच किलोचे वजन त्यावर सोडायचे. आवाज झाला, ठिणगी दिसली किंवा धूर आला, तर वहीत 'उडाले' असे लिहायचे, आणि काहीच झाले नाही तर 'नाही'. उडाले तर पुढच्या खेपेस वजन एक पायरी खाली आणायचे, नाही उडाले तर एक पायरी वर न्यायचे. असे वीस-तीसदा केले की निम्म्या वेळा उडेल अशी उंची कोणती, याचा हिशेब बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातील ब्रूसटन येथील प्रयोगशाळेत ही चढउताराची रीत बसवली गेली आणि आजही ती जगभर चालते. उमेदवाराने तोंड उघडले की नापास आणि मुकाट राहिला की पास, अशी परीक्षा आम्ही आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

"म्हणजे जे कधीच उडत नाही ते सर्वांत उत्तम?" आम्ही विचारले.

"नाही ना, सर. ते सर्वांत वाईट."

मग त्याने समजावून सांगितले. सुरुंगात भरलेले स्फोटक वेळेवर उडाले नाही, तर ते खडकात तसेच दडून राहते आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पहारीची वाट पाहत बसते. म्हणून परीक्षा दोन्ही बाजूंनी असते. दोन कांड्या मध्ये थोडे अंतर सोडून एका ओळीत ठेवायच्या आणि एक उडवायची. हवेतून आलेल्या धक्क्याने दुसरीही उडाली पाहिजे. चिनी मातीच्या तबकडीवर चिनी मातीचीच खुंटी दाबून घासायची. तेवढ्या घर्षणाने मात्र उडता कामा नये. वाहतुकीसाठी बांधलेली खोकी बारा मीटरांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहतात आणि लाकडांच्या होळीत ठेवूनही पाहतात. कोपिष्ट आणि मठ्ठ असे दोघेही नापास. सांगितल्यावाचून बोलणार नाही आणि सांगितल्यावर गप्प राहणार नाही, असाच विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो. आमच्या शाळेत या कसोटीला उतरणारी मुले वर्गात दोन-तीनच निघतात. शिक्षकांचे आम्ही बोलत नाही.

त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक तर आमच्या सौभाग्यवतींनाही स्वयंपाकघरातून बाहेर घेऊन आली. कोळशाच्या खाणीत वापरायच्या स्फोटकात चक्क मीठ घालतात! खाणीत मिथेन वायू असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधराच्या दरम्यान असले की ठिणगीसरशी भडका उडतो, आणि त्या भडक्याने उठलेली कोळशाची धूळ पेटली तर सारी खाण तोफेसारखी होते. १९६५ च्या मे महिन्यात तेव्हाच्या बिहारातील ढोरी येथील खाणीत कोळशाच्या धुळीच्या अशाच स्फोटात अडीचशेहून अधिक माणसे गेली. मीठ स्फोटाच्या ज्वाळेतील उष्णता शोषून घेते. असे स्फोटक खाणीत जाण्यापूर्वी धनबादच्या संशोधन संस्थेत त्याची परीक्षा होते. एका लांब पोलादी बोगद्यात मिथेन आणि हवा यांचे पेटाऊ मिश्रण भरतात, जाड तोफेच्या नळीत स्फोटक ठासून त्यात उडवतात, आणि भोवतीचा वायू पेटला नाही तरच ते 'परवानगीयोग्य' ठरते. "मीठ कमी-जास्त झाले तर?" असा अगदी योग्य प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला. तो म्हणाला, "काकू, जास्त झाले तर जोर कमी पडतो आणि कमी झाले तर माणसे मरतात."

बोलता बोलता तो म्हणाला, "हल्ली पाणी, तेल आणि अमोनियम नायट्रेट यांचे लोण्यासारखे मिश्रण असते, सर. ते फारच सोशीक. जुन्या जिलेटीनसारखे नाही." नायट्रोग्लिसरीन असलेल्या स्फोटकांवर आपल्याकडे २००४ साली बंदी आली. "त्या कांड्या जुन्या झाल्या की त्यांना घाम सुटायचा, आणि तो घाम म्हणजे निव्वळ नायट्रोग्लिसरीन. हात लावला तरी डोके दुखायचे म्हणे."

'म्हणे' म्हणायची आम्हांला गरज नव्हती. ती डोकेदुखी आमच्या घरात नांदून गेली होती.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, विहिरींना सुरुंग लावण्याचे काम करीत. बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या भागात विहीर खणताना आधी तांबडी माती, मग जांभा आणि त्याखाली काळा खडक लागतो, आणि काळा खडक लागला की शेतकरी आप्पांना बोलावू येत. घण आणि पहार यांनी भोके पाडायची, त्यांत कांड्या सारायच्या, वातीच्या टोकाला केप बसवून ती शेवटच्या कांडीत खोचायची, आणि वरून माती ठासायची. काही लोक केप वातीवर दाताने चावून घट्ट करीत. तसे करणाऱ्याला आप्पा विहिरीवर उभे राहू देत नसत. त्यासाठी त्यांच्या कमरेला एक चिमटा कायम लटकलेला असे. काम नसलेल्या चार दिवसांनंतर पुन्हा कांड्या हाताळल्या की त्यांचे डोके असे काही ठणके, की आई फडके ओले करून कपाळाला बांधी. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून ती ठणक. ज्या आल्फ्रेड नोबेलचा सख्खा भाऊ १८६४ साली याच द्रव्याच्या स्फोटात गेला आणि ज्याने १८६७ साली ते मातीत जिरवून डायनामाइट केले, त्याला अखेरच्या दिवसांत, १८९६ साली, हृदयविकारावर डॉक्टरांनी तेच द्रव्य औषध म्हणून घ्यायला सांगितले. आप्पांच्याही म्हातारपणी छातीत कळ येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी जिभेखाली धरायला दिलेली गोळी त्याच कुळातली होती. पहिली गोळी घेतल्यावर ते डोके धरून म्हणाले, "अरे, ही तर विहिरीवरची डोकेदुखी!"

तेवढ्यात तो विद्यार्थी म्हणाला, "वातीचीही चाचणी असते, सर. मीटरभर वात शंभर-सव्वाशे सेकंदांच्या आसपास जळायला हवी." लाडवाकडे गेलेला आमचा हात तेथेच थांबला.

सुरुंगाची ही वात इंग्लंडात कॉर्नवॉल येथे विल्यम बिकफर्ड या गृहस्थाने १८३१ साली काढली. त्याआधी खाणकामगार गवताच्या नळीत किंवा पिसाच्या पोकळ देठात दारू भरून पेटवीत. ती कधी पळे, कधी रेंगाळे, आणि माणसे मरत. दोर वळणाऱ्याचे काम पाहून बिकफर्डला युक्ती सुचली, असे सांगतात. त्याने दारूच्या बारीक धारेभोवती तागाचा धागा वळला. या वातीचा सारा गुण एकच, तो म्हणजे तिने एकाच चालीने जळावे. पेटवणारा माणूस विहिरीच्या तळाशी असतो, आणि त्याचा जीव तेवढ्या एका गुणावर टांगलेला असतो.

ही गोष्ट आप्पांना कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. परंतु वातीचे नवे वेटोळे आले की त्यातून दोन-दोन हातांचे तीन तुकडे कापायचे, जमिनीवर सरळ ठेवून एकेक पेटवायचा, आणि संथ चालीत भीमरूपी म्हणायची, असा त्यांचा नेम होता. मनगटी घड्याळ त्यांच्यापाशी नव्हते. भीमरूपी संपता संपता वातीच्या दुसऱ्या टोकाला फुर्र झाले की वेटोळे चांगले. आधीच झाले तर वेटोळे परत, मग दुकानदार काही का म्हणेना. ठेकेदार हसत. "आप्पा, मारुतीला कशाला त्रास देता?" असे एक जण नेहमी म्हणे. आप्पा उत्तर देत नसत.

१९७९ साल असावे. आम्ही तेव्हा सहावीत होतो, वैशाखाची सुट्टी होती, आणि शेजारच्या गावच्या जत्रेत दुपारी बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. आप्पा विहिरीत उतरून भोके भरीत होते. त्यांचे जोडीदार, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, वरून एकेक वस्तू खाली सोडीत होते. शेतकऱ्याने त्याच सकाळी नवे वेटोळे आणले होते. आप्पांनी खालून ओरडून सांगितले, "वात तू बघ रे. तिन्ही तुकडे. सावकाश म्हण." एवढी मोठी कामगिरी आमच्यावर प्रथमच आली होती.

आम्ही तीन तुकडे कापले. पहिला पेटवला आणि भीमरूपी सुरू केली. पण कान शर्यतीच्या हलगीकडे होते. वाऱ्यावर ती ऐकू येत होती, निदान तेव्हा तसे वाटले. आम्ही भराभर म्हटले, मधली काही कडवी गिळली, आणि शेवटापाशी पोहोचलो तो वात संपली. बरोबर जुळले! तिसरीतल्या पोराचे गणित जसे उत्तर आधी पाहून जुळते, तसे. उरलेले दोन तुकडे आम्ही चड्डीच्या खिशात कोंबले आणि विहिरीच्या काठावर ओणवे होऊन ओरडलो, "आप्पा, तिन्ही बघितल्या. चांगली हाय!"

आप्पांनी त्या वातीच्या चार लांब वाती कापल्या. पेटवण्याच्या वेळी मामाही खाली उतरले होते. दोघांनी दोन-दोन वाती पेटवल्या आणि दोराच्या शिडीने वर निघाले, आप्पा पुढे आणि मामा मागे. आप्पा काठावरून पंधरा-वीस पावले गेले होते, मामा नुकतेच काठावर गुडघा टेकून उठत होते, आणि पहिला सुरुंग उडाला. असा तो उडायला नको होता. एरवी सगळे लोक आंब्याच्या झाडाखाली पोहोचून तंबाखू मळू लागत, तेव्हा कोठे पहिला आवाज होई. एक दगड मामांच्या डाव्या गुडघ्यावर बसला. बाकीचे तीन सुरुंग उडेपर्यंत कोणाला त्यांच्याजवळ जाता आले नाही. आप्पांनी आम्हांला घट्ट धरून ठेवले होते. त्यांच्या हाताची थरथर आजही आमच्या दंडाला आठवते.

मामांचा पाय गेला नाही, पण तो सरळही झाला नाही. पुढे त्यांनी बस थांब्याजवळ पानपट्टी टाकली. आम्ही शिक्षक झालो तेव्हा ते आल्या-गेल्याला सांगत, "ह्याच्या भीमरूपीनं वाचलो मी त्या दिवशी. दगड मस्तकात बसायचा तो गुडघ्यात बसला." लोक आमच्याकडे कौतुकाने पाहत. मामा वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या दुकानातून आम्ही आयुष्यभर पान घेतले आणि सुटे पैसे कधी परत घेतले नाहीत. याहून अधिक काही आमच्याच्याने झाले नाही.

खिशातले ते दोन तुकडे आम्ही त्याच संध्याकाळी ओढ्यात फेकले. उरलेले वेटोळे आप्पांनी नंतर जाळून पाहिले की नाही, ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. मात्र त्यानंतर वातीची परीक्षा त्यांनी कधी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. आम्ही जवळ उभे असलो तर ते भीमरूपी मनातल्या मनात म्हणत.

शाळेत आमच्या टेबलावर एक वही असते. दुपारचे जेवण मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने त्याची चव घ्यायची, वेळ घालायची आणि सही करायची, असा नियम आहे. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी ती वही चाळताना पुढच्या आठवड्याची पाने चव, वेळ, सही यांसकट भरलेली आम्हांला आढळली. ते शिक्षक तरुण आणि कष्टाळू होते. आठवड्याचा व्याप एकदम उरकून टाकला, एवढेच त्यांच्या मनात. आम्ही त्यांना खोलीत बोलावले, खूप रागावायचे ठरवले होते, आणि रागावता आले नाही. "पाने फाडू नका, रेघ मारून सही करा आणि सोमवारपासून माझ्यासमोर चव घ्या," एवढेच म्हणालो. आमचा आवाज इतका का पडला, हे त्यांना नवल वाटले असावे.

हे सारे आम्ही त्या दिवशी प्रथमच कोणाला तरी सांगितले. सौभाग्यवतींनाही ते ठाऊक नव्हते. त्या केव्हाच्या पाट ओढून बसल्या होत्या. विद्यार्थी मात्र अवघडला नाही. तो पोरपणापासूनच असा आहे. गणित चुकले की रडायचे सोडून पाटी पुसून पुन्हा मांडायचा. त्याने आम्हांला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वात किती लांब कापली होती? विहीर किती खोल? पहिली वात पेटवल्यापासून चौथी पेटेपर्यंत किती वेळ गेला असेल? वात ठासताना कोठे पिळली किंवा चेंगरली गेली होती का? आम्ही जमेल तशी उत्तरे देत होतो आणि तो ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडीत होता. तपासनीस समोर बसल्यावर कसे वाटते, ते मुख्याध्यापकालाही अधूनमधून कळलेले बरे.

आम्ही म्हणालो, "शेवटी दोष चाचणी करणाऱ्याचाच. २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्याजवळ हुणसोडूला रात्री स्फोटकांचा स्फोट झाला, आसपासच्या जिल्ह्यांतल्या लोकांना भूकंप वाटला. तीही स्फोटके कोठल्या तरी कारखान्यात परीक्षा देऊनच बाहेर पडली असतील ना?"

"बाहेर पडल्यावर ती कोण कशी नेतो आणि कोठे ठेवतो, ते आमच्या यंत्रात येत नाही, सर," तो म्हणाला. मग कागदाकडे पाहत थोडा वेळ गप्प राहिला. "तुमचा हिशेब मात्र लागत नाही. वात जलद होती असे धरले तरी जुळते, आणि ठासताना चेंगरली असे धरले तरी जुळते. एका तुकड्यावरून, त्यातही घाईत मोजलेल्या, काहीच ठरवता येत नाही. दुसरे दोन असते तर सांगता आले असते."

"ते ओढ्यात गेले."

"हो, ते तुम्ही म्हणालात."

बाहेर गल्लीत मुलांनी लवंगी फटाक्यांची माळ लावली होती. ती मध्येच विझली, आणि एक पोरगा ती उचलायला वाकला. आमचा विद्यार्थी ताडकन उठून दारात गेला आणि ओरडला, "हात लावू नको! लांब हो आधी! पाणी आण बादलीभर!" आवाज असा की पोरे दोन पावले मागे सरली. सौभाग्यवतींनी बादली दिली, त्याने स्वतः ती माळेवर ओतली, आणि मग आत येऊन थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"आमच्याकडे तपासून उरलेला नमुना टाकत नाहीत, सर," जाता जाता चपला घालताना तो म्हणाला. "तारखेची चिठ्ठी लावून वेगळ्या खोलीत ठेवतात. पुढे कोणी विचारले तर असावा म्हणून."